ताज्या रंगामागची भिंत

अकोल्याच्या जुन्या शहरातलं ते घर. सगळीकडे रंग उडालेला, मागच्या खोलीची एकच भिंत कमरेपर्यंत ताजी. मी नख लावलं. पापुद्रा सुटला, पांढरी भुकटी बोटाला लागली, खारट. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हे नवं नाही: पाणी विटांतून वर चढतं, वाळतं, क्षार मागे ठेवतं. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. चुन्याचा असता तर वाळायला वाव होता.

"रंग तं दिवाळीचा हाय जी," मालक म्हणाले. खोटं नव्हतंच ते. मग गप्प राहणं अधर्म का? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो, साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. म्हणजे नखाला सापडला तो दोष माझ्याच पदरात! बायबलच्या लेवीय ग्रंथात चट्टे पडलेलं घर याजक तपासतो, सात दिवस बंद ठेवतो. चट्टा पसरला तर दगड काढून गिलावा खरवडायला लावतो. आपले गुरुजी येतात ते वास्तुशांतीला, सौदा झाल्यावर.

गिलाव्याचा खर्च मी किमतीतून कापून मागितला. "उद्या आपण विकताना ही भिंत दाखवाल का?" बायकोने विचारलं. मी महापालिकेच्या घरपट्टीचा विषय काढला.