रिपोर्ट एकच, गुडघे दोन

सोलापुरात एक काका आणि त्यांचा पुतण्या एकाच कारखान्यात चादरी विणत. काकांनी पन्नाशी ओलांडली होती, पुतण्या पंचविशीचा. रोज पहाटे दोघे सिद्धेश्वर तलावाच्या कडेने धावत आणि मग मागावर जात.

एका पावसाळ्यात काकांचा गुडघा दुखू लागला. जिना उतरताना कळ येई, संध्याकाळी सूज चढे. त्याच सुमारास धावताना पुतण्याचा पाय खड्ड्यात मुरगळला. त्याचा गुडघा अर्धवट वाकला आणि तिथेच अडकला.

दोघांनी एमआरआय काढला. दोन्ही रिपोर्टांत एकच लिहिलं होतं: गुडघ्यातली गादी फाटली आहे.

काका म्हणाले, "मी ऑपरेशन करून टाकतो. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, त्याआधी धावायचंय."

पुतण्या म्हणाला, "मला चिरफाड नको. मी व्यायामानंच बरा होईन."

दोघे एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवले. "पाय सरळ करा," ते म्हणाले. काकांचा झाला. पुतण्याने दात आवळले, तरी त्याचा गुडघा हलेना.

डॉक्टर पुतण्याला म्हणाले, "गादीचा तुकडा सांध्यात अडकलाय. तो व्यायामानं निघायचा नाही. उशीर केलास तर शिवणंही अवघड होईल. तुझं ऑपरेशन करायचं." मग काकांकडे वळून म्हणाले, "तुम्ही व्यायाम करायचा."

काका नाराज झाले. "रिपोर्ट तर सारखाच आहे!"

डॉक्टर म्हणाले, "फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजून गादी फाटलेले १४६ जण घेतले. काहींची फाटकी गादी कापली. बाकीच्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून फक्त पाहिलं. कुणाचं काय केलं, हे रुग्णांना सांगितलं नाही. पुढे सगळ्यांना व्यायाम सारखाच दिला. वर्षभरानं दोन्हीकडचं दुखणं सारखंच उतरलं होतं. २०१३ साली ते छापून आलं. तुमची गादीही वयानं झिजली आहे. जत्रेत नंदीध्वजांच्या उंच, जड काठ्या पेलणारे कितीतरी आधी सराव धरतात, तशी तुम्ही मांडी तयार करा. तीन महिन्यांनी दुखणं राहिलं तर परत या. काहींना पुढे ऑपरेशन लागतंच."

पुतण्याची गादी शिवली. काका पायाला वाळूची पिशवी बांधून रोज पाय उचलू लागले. पहिले पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही. ते चिडले, पण थांबले नाहीत. दिवाळीत जिना उतरताना कळ आली नाही.

संक्रांतीला काका तलावाकाठी सावकाश धावले. पुतण्या अजून चालतच होता, पण त्याचा पाय सरळ पडत होता.

तुमचा गुडघा दुखत असेल, तर नुसता रिपोर्ट पाहून ऑपरेशन मागू नका आणि भीतीपोटी ते टाळूही नका. आधी पाय हाताने तपासणारा डॉक्टर गाठा.