आकाश किती काळं?

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र आपल्या ओळखीचं आहे ते असं: वर जवळजवळ काळंकुट्ट आकाश, त्यात पूर्णत्वाकडे चाललेला चंद्र, खाली ढगांचा आणि बर्फाळ डोंगरांचा उजळ पट्टा, आणि तळाशी न्यू मेक्सिकोतलं एक लहानसं गाव, त्याच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस. पण याच निगेटिव्हवरून चाळीसच्या दशकात काढलेल्या प्रिंट पाहाव्यात. त्यांत आकाश करडं आहे आणि वरपर्यंत ढगांचे फिकट पट्टे आहेत. पुढची कितीतरी वर्षं अ‍ॅडम्स हे चित्र पुन्हा पुन्हा छापत राहिला. तेराशेच्या वर प्रिंट निघाल्या, आणि आकाश अधिकाधिक गडद होत गेलं.

निगेटिव्ह एकच, चौकट तीच. तरी मला ही दोन वेगळी चित्रं वाटतात. करड्या आकाशात नजर ढगांच्या मागे फिरत राहते आणि चंद्र त्यातलीच एक वस्तू होऊन जातो. आकाश काळं झालं की वरच्या अर्ध्या भागात चंद्राशिवाय काही उरत नाही. नजर तिथून थेट क्रुसांवर उतरते, आणि मेलेल्यांच्या त्या इवल्याशा पांढऱ्या खुणांना त्या एवढ्या मोठ्या आकाशाचं वजन मिळतं. एकही वस्तू न हलवता रचना बदलली.

हे छायाचित्र 1 नोव्हेंबर 1941चं. रस्त्याने जाताना दृश्य दिसलं तसा अ‍ॅडम्सने घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, पण लाइट मीटर सापडेना. सूर्य ढगांआड जाण्याच्या बेतात होता. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला 250 कँडल असते हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्याने मनातल्या मनात एक्सपोजर काढलं. दुसरी फिल्म घ्यायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. या प्रसंगाची नेहमी नशिबाची गोष्ट म्हणून आठवण काढली जाते. मला त्याच्यापुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. निगेटिव्हचा खालचा भाग फार पातळ आला होता, म्हणून 1948मध्ये त्याने तो रसायनाने घट्ट करून घेतला. डार्करूममध्ये आकाशाला जास्त प्रकाश देऊन ते गडद केलं, काही भाग हाताने झाकून उजळ राखले. काही सेकंदांत टिपलेल्या दृश्याला नेमका कोणता करडा द्यायचा, याचा विचार तो अनेक वर्षं करत होता.

आपण मात्र कृष्णधवल लँडस्केप सुधारायचं म्हटलं की आधी चौकटीकडे वळतो. क्षितिज तिसऱ्या भागावर घ्या, समोर एखादा खडक ठेवा, वाट कोपऱ्यातून आत आणा. हे सगळं खरं आहे आणि अपुरंही. काळ्या-पांढऱ्यात वस्तू वेगळी दिसते ती शेजारच्या वस्तूपेक्षा उजळ किंवा गडद असली तरच. कासच्या सड्यावर भाद्रपदात तेरडा फुलतो, तेव्हा हिरव्यावरचा तो गुलाबी डोळ्यांत भरतो. त्याचं सरळ कृष्णधवल रूप करून पाहा. फुलं आणि गवत यांची उजळी बऱ्याचदा इतकी जवळची असते की सगळा सडा एकाच मळक्या करड्यात बुडून जातो. आपल्याला ज्याने थांबवलं, तेच चित्रातून गेलेलं असतं.

इथे फिल्टरचा उपयोग होतो. तांबडा फिल्टर तांबड्या-गुलाबीला उजळ करतो, हिरव्याला आणि निळ्याला दाबतो. तेरडा पांढरा होऊन वर येतो. हिरवा फिल्टर बरोबर उलटं करतो. आज हेच काम रॉ फाइलमध्ये एकेका रंगाची उजळी कमीजास्त करून होतं, त्यामुळे निर्णय घरी आल्यावरही घेता येतो. तरीही तो जागेवरच मनात घ्यावा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. 10 एप्रिल 1927 रोजी योसेमिटीत हाफ डोमच्या कड्यासमोर अ‍ॅडम्सकडे काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळ्या फिल्टरने घेतली आणि लगेच त्याला जाणवलं की कड्याचा जो दरारा मनात उभा आहे तो यात येणार नाही. दुसरीसाठी त्याने गडद तांबडा फिल्टर लावला. आकाश काळवंडलं, कडा अंगावर आला. त्या काचेवर जे उमटलं, ते आधी त्याच्या मनात उमटलेलं होतं.

भातखाचरांचं कोडं आणखी अवघड. श्रावणात रोप हिरवं, बांध हिरवा, मागचा डोंगर हिरवा. एकाच रंगाच्या या छटा कोणत्याही फिल्टरने फारशा सुट्या होत नाहीत. तिथे वेळच निवडावी लागते. लावणीच्या दिवसांत खाचरांत पाणी तुंबलेलं असतं, ते आभाळाचा पांढरा उजेड परत फेकतं, आणि बांधांच्या काळ्या रेषा आपोआप आखल्या जातात. रोप वाढून पाणी झाकलं गेलं की ती रेषा गेली. मग कलत्या उन्हाची वाट पाहायची, म्हणजे बांधाची एक बाजू तरी सावलीत जाते. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे पुसले जातात आणि उजळ-गडद यांचे मोठे तुकडे तेवढे उरतात. ते तुकडे तेव्हाच नीट बसत नसतील तर पुढे कॉम्प्युटरवर ते क्वचितच बसतात. कॉन्ट्रास्ट ताणून भागवलेली किती चित्रं दिसतात! काळं ठार काळं, पांढरं कोरं पांढरं, आणि मधले सगळे करडे मारून टाकलेले. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940च्या सुमारास बांधलेल्या झोन सिस्टीममध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या धरतात. निसर्गचित्राचा जीव बहुतेक वेळा मधल्या पायऱ्यांवर असतो: ओल्या कातळाच्या पाठीवर, धुक्यातून अर्धवट दिसणाऱ्या जांभळीत, पावसाने भिजलेल्या गवतात.

तांबड्या फिल्टरचा मोहही आवरायला हवा. हिवाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावरून पाहिलं की एकामागून एक रांगा फिकट होत जातात. त्या निळसर दिसतात त्या मधल्या हवेने विखुरलेल्या निळ्या उजेडामुळे, आणि खोली कळते ती याच फिकेपणावरून. तांबडा फिल्टर तो निळा उजेड अडवतो, दूरची रांग जवळच्या रांगेइतकी गडद आणि ठळक होते, आणि मैलोगणती पसरलेला मुलूख एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. पावसाळी धुक्यावर फिल्टरची मात्रा फारशी चालत नाही, कारण पाण्याचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. हिवाळ्यातल्या त्या निळसर रांगांसाठी मात्र मी तांबड्या फिल्टरच्या उलट वाटेने जाते: निळ्याची उजळी वाढवते, पहिली रांग जवळजवळ काळी राहू देते आणि पुढच्या प्रत्येक रांगेला थोडा थोडा जास्त उजेड देते. शेवटची रांग कागदाच्या पांढऱ्यात विरघळणार नाही, तिची कड धरून नजरेला टोकापर्यंत जाता येईल, इतपत ती करडी ठेवते.