नऊ फुटांची वाट

इंग्लंडात केंब्रिजच्या उत्तरेला ईली नावाचं छोटं शहर आहे. चहूकडे सपाट, एकेकाळचा पाणथळ मुलूख, मधेच थोडा उंचवटा आणि त्यावर भलंमोठं कथीड्रल. न्यूमार्केटकडून येणारा रस्ता गावात शिरताना स्टेशनाजवळ रुळांना आडवा जातो. २०१८ च्या ऑक्टोबरात बायपास सुरू झाला. त्याआधी या ठिकाणी वाहनांना दोन वाटा होत्या. एक फाटकातून, रूळ ओलांडून. दुसरी बाजूनं खाली उतरून रेल्वेपुलाखालून. या पुलाखालची उंची अवघी ९ फूट. मोटारी तिथून सुळकन निघून जात. उंच वाहनांनी फाटकाशी उभं राहायचं. किंग्ज लिन, नॉरिच, पीटरबरो, इप्सविच, केंब्रिज अशा पाच दिशांच्या गाड्या ईलीत एकत्र येतात, शिवाय फेलिक्स्टो बंदराच्या मालगाड्या. फाटक एकदा पडलं की केव्हा उठेल याचा नेम नसे.

त्या दिवसांतली ही गोष्ट. केंब्रिजमध्ये शिकणारा एक पुतण्या आणि साताऱ्याहून त्याच्याकडे आलेले काका मोटारहोम भाड्यानं घेऊन हिंडत होते. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, टपावर हवा खेळती राहण्याची झडप. घरच चाकांवर बसवलेलं. काकांचा जन्म ट्रक चालवण्यात आणि नंतर चालवून घेण्यात गेलेला. गाडी ताब्यात घेतली तेव्हा त्यांनी आधी टेप मागवली होती. टायर, आरसे, ब्रेक सगळं नंतर.

"काका, कागदावर उंची दिलीय की. ३.०५ मीटर," पुतण्या म्हणाला होता.

"कागदावर टपावरची झडप धरलीय का?"

झडपेसकट मोजलं. आकडा बरोबर निघाला. काकांनी एका चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत '१० फूट' लिहिलं आणि ती स्टिअरिंगसमोर लावली. "इथल्या पुलांवर फूट आणि इंच लिहितात. पूल समोर आल्यावर मीटरचे फूट करायला वेळ कुणाला असतो?"

वाटेतलं सोहॅम गाव मागे टाकून ते ईलीजवळ पोचले आणि नेमकं फाटक पडलं. प्रवासी गाडी गेली. फाटक उठलं नाही. दुसरी गेली. मग कंटेनरांची मालगाडी आली आणि डबे संपेचनात. शेजारून मोटारी एकामागून एक खाली उतरत होत्या आणि पलीकडे वर निघत होत्या. पुतण्याच्या फोनवरचा नकाशाही तीच वाट दाखवत होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कुठल्या गाडीत बसलोय ते!

"ती जीप बघा काका. गेली ना आरामात? वर हातभर जागा उरली होती."

"हातभर जागा तिच्या टपावर उरली. आपल्याला तिथं फूटभर कमी पडतंय."

पुतण्या गप्प बसला, पण त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत राहिली. थोड्या वेळानं मनातलं बाहेर आलं. "सगळं असंच चाललंय माझं. बरोबरीचे सगळे नोकरीला लागले. दोघांनी पुण्यात फ्लॅट घेतले. मी अजून प्रबंधच लिहितोय."

काका काही बोलले नाहीत. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका व्हॅननं इंडिकेटर दिला. घरसामान हलवायची भाड्याची व्हॅन ती, ड्रायव्हरच्या डोक्यावरही पुढे आलेली मोठी पेटी. तरुण चालकानं घड्याळ पाहिलं, गाडी रांगेतून बाहेर काढली आणि यांना मागे टाकून तो पुलाच्या दिशेनं उतरला.

"अरे, हॉर्न दे त्याला!" काका ओरडले.

पुतण्यानं हॉर्न दिला. मागे कुणी चिडलंय असं त्या तरुणाला वाटलं असावं. त्यानं हात हलवला आणि वेग वाढवला. पुढच्या क्षणी पत्रा फाटल्याचा आवाज झाला. दोघं धावत गेले. पेटीचं कपाळ पुलाच्या गर्डरला भिडून मागे दुमडलं होतं आणि फटीतून एक गादी बाहेर लोंबत होती. चालकाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तो पांढराफटक पडला होता.

"मी रोज इथूनच जातो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "रोज!"

"याच गाडीतून का, विचार त्याला," काका म्हणाले.

पुतण्यानं विचारलं. तरुण क्षणभर बघतच राहिला. "नाही. माझ्या मोटारीतून."

तिथल्या नियमाप्रमाणे ३ मीटरपेक्षा उंच वाहनात उंचीचा आकडा चालकाला दिसेल असा लिहिलेला असावा लागतो. काकांनी आत डोकावून पाहिलं. व्हॅनमध्येही तो होता, अगदी डोळ्यांसमोर.

पुलावर रेल्वेची छोटी पाटी होती: पुलाला वाहन धडकलं तर या क्रमांकावर कळवा. पुतण्यानं फोन केला. धडकेनं पूल आणि रूळ हलले तर नाहीत, हे पाहीपर्यंत रेल्वेगाड्या थांबवाव्या लागतात. स्टेशनात एक गाडी उभी राहिली, तिच्यामागे आणखी एक. दहा मिनिटं वाचवायला निघालेल्या एकट्यामुळे शेकडो लोक खोळंबले.

मालगाडी तोवर केव्हाच पार झाली होती आणि फाटक उठलं होतं. मोटारहोम रूळ ओलांडून पलीकडे गेली. पुतण्या आता सावकाश चालवत होता.

"काका, त्याला आकडा दिसत होता हो. मग असं का झालं?"

"आकडा दिसत होता, पण गाडीत बसला होता तो रोजचा मोटारवाला. डोळ्यांना सवय जुन्या उंचीची. वर पुढच्या पाच मोटारी गेलेल्या दिसल्या. आपल्याकडे रेल्वेफाटकाआधी हाइट गेज लावतात ना, विजेच्या तारा वर असतात म्हणून? त्याची आडवी पट्टी आमच्या एका ड्रायव्हरनं अशीच तोडली होती. म्हणाला, पुढचा ट्रक गेला म्हणून मी गेलो. पुढचा रिकामा होता. याच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या."

पुतण्या हसला. काका पुढे म्हणाले, "तू मघाशी फ्लॅटवाल्यांचं म्हणालास. ते त्यांच्या गाडीला जमणाऱ्या वाटेनं गेले, बरंच केलं. तुझी गाडी त्यांच्याहून भारी आहे असं मी म्हणत नाही. वेगळी आहे, एवढंच. तिला फाटकाशी थांबावं लागणार, हे ती घेतलीस तेव्हाच ठरलं. आता थांबायचं असेल तर रडत थांबू नकोस. आणि नसेल थांबायचं, तर गाडी बदल. पण ही गाडी त्या पुलाखाली घालू नकोस."

तात्पर्य: पुढचा पार झाला म्हणून ती वाट आपली होत नाही. आधी आपली उंची मोजावी, तीही डोक्यावरच्या ओझ्यासकट. मग वाट धरावी.