नमस्कार पुरे, वेळापत्रक पाहा

एखादी वृद्ध नन वारली की आपले शब्द ठरलेले असतात. घरदार सोडलं, सातासमुद्रापलीकडे आली, चंदनासारखी झिजली. त्यात खोटं काही नसतं, पण आपली सोय मात्र असते. त्यागाला हात जोडले की त्या बाईनं नेमकं काय केलं हे विचारावं लागत नाही. आणि तसं आपल्याला करता येईल का, हा प्रश्न तर उंबऱ्याबाहेरच राहतो.

कोलकात्याच्या सिस्टर सिरिल मूनी यांच्या बाबतीत ही सोय घेणं फार सोपं आहे. १९३६ साली आयर्लंडमधल्या ब्रे या गावी जन्म. १९५६ साली लोरेटो संघाच्या कामासाठी भारतात आल्या. लखनौ विद्यापीठातून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. २००७ साली पद्मश्री, २०२३च्या जूनमध्ये कोलकात्यात मृत्यू. सदुसष्ट वर्षं इथं काढलेल्या या बाईंचं चरित्र चार ओळींत बसतं. त्यांचं काम मात्र बसत नाही.

१९७९ साली त्या सियालदाच्या लोरेटो डे स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. लोरेटोच्या नन्स कलकत्त्यात आल्या १८४१ साली. तेव्हापासून बंगालमध्ये या नावाला मोठी प्रतिष्ठा. पण या शाळेच्या शेजारी सियालदा स्टेशन, आणि स्टेशनाच्या आसऱ्यानं फलाटावर, फुटपाथवर वाढणारी मुलं. त्या वेळी शाळेतल्या सुमारे ७९० मुलींपैकी जेमतेम ९० गरीब घरच्या होत्या. गरिबांसाठी आवारातच वेगळी शाळा काढायची, ही अनेक कॉन्व्हेंटांची जुनी रीत. सिस्टर सिरिल यांनी ती वाट धरली नाही. त्याच वर्गात, त्याच बाकांवर जागा वाढवत नेल्या. पुढे पटसंख्या चौदाशेच्या घरात गेली, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुली बिनफीच्या होत्या.

१९८५पासून शाळेनं रस्त्यावरच्या मुलींनाही आत घेतलं. त्यांना नाव मिळालं ‘रेनबो’. इथली अडचण पैशापेक्षा वेळेची होती. जी मुलगी सकाळी भंगार वेचते आणि दुपारी धाकट्या भावाला सांभाळते, ती आठच्या घंटेला रांगेत उभी राहू शकत नाही. ती जेव्हा येईल तेव्हा शिकवायला कुणीतरी मोकळं हवं. एवढे शिक्षक आणायचे कुठून? उत्तर वेळापत्रकातच सापडलं: कार्यानुभवाचा तास. आपल्यापैकी बहुतेकांनी या तासाला घोटीव कागदाची फुलं केली आणि शुभेच्छापत्रं रंगवली. सियालदात पाचवीपासून पुढच्या मुली या तासाला शिकवायला बसत. वर्गांचे तास असे लावलेले, की फलाटावरची पोर केव्हाही आली तरी कुणीतरी मुलगी रिकामी असे. एकीला एक. सहावीतली मुलगी चटईवर मांडी घालून आपल्याच वयाच्या मुलीला अक्षर गिरवायला लावते, हे तिथलं रोजचं दृश्य. पुढे अनेक रेनबो मुलींची रात्रीची वस्तीही शाळेतच झाली. दर आठवड्याला शाळेतल्या मुली खेड्यांतल्या शाळांवरही शिकवायला जात.

अशानं दर्जा घसरतो, असं म्हणणारे पालक सगळीकडे असतात. ज्यानं कधी कुणाला भागाकार समजावला असेल, त्याला ठाऊक आहे की समजावताना आधी आपलाच भागाकार पक्का होतो. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. या व्यवस्थेत लाभार्थी एकटी फलाटावरची मुलगी नव्हती. फी भरणाऱ्या घरच्या मुलीला, आपल्याच वयाची पोर उपाशी येते आणि तरीही पाढा पटकन पाठ करते, हे डोळ्यांनी दिसलं. चांगल्या शाळेत हे शिकायला मिळत नसेल, तर आपण फी कशाची भरतो?

त्यागाचं मोल कमी नाही. संसार नाही, स्वतःसाठी पगार नाही, एकाच खुर्चीवर २०११पर्यंतची बत्तीस वर्षं. हे व्रतस्थ बाईलाच साधतं. देणगीदारांचा विश्वासही त्यातूनच येतो. पण त्याग हे भांडवल होतं. काम होतं प्रवेशाचं धोरण, तासांची आखणी आणि पालकांशी न थकता वाद. ही कामं करायला संन्यास लागत नाही.

आता आपल्याकडे पाहू. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवायला सांगितल्या. अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली या कायद्यातून वगळलं. म्हणजे ज्या प्रकारच्या शाळेला कायद्याची सक्तीच नाही, तशा एका शाळेनं त्याच्या दुप्पट जागा कधीच दिल्या होत्या. याउलट महाराष्ट्र सरकारनं २०२४च्या फेब्रुवारीत, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या २५ टक्क्यांतूनही सूट देऊ केली. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत तो बदल रद्द केला, म्हणून जागा वाचल्या. न्यायालय दार उघडं ठेवू शकतं. आत आलेल्या मुलीला कुठल्या बाकावर बसवायचं, हे शाळाच ठरवते आणि पालक ठरवतात. पुढच्या पालकसभेत फीवाढीचा विषय निघेलच. त्याच सभेत विचारा: या २५ टक्क्यांतली मुलं कोणत्या वर्गात आहेत, आणि ती आपल्या मुलांच्या शेजारी बसतात का?