एक सेंटिमीटर चिकणमाती

बोधकथांत बहुधा बाप सांगतो आणि मुलगा ऐकतो. या गोष्टीत मुलगाच बापाकडे दगड घेऊन गेला.

मुलगा वॉल्टर अल्वारेझ, भूगर्भशास्त्रज्ञ. १९७७ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला रुजू झाले. वडील लुई त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, १९६८च्या नोबेलचे मानकरी. दगड इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळच्या घळीतला. खाली चुनखडक, वर चुनखडक, मधोमध जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर. खालच्या खडकात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांची कवचं खच्चून भरलेली. थर ओलांडला की जवळजवळ सगळी गायब. डायनोसॉर संपले तो काळही हाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

वॉल्टर यांना एवढंच हवं होतं: ही माती साचायला किती वर्षं लागली? त्यांच्या शास्त्राकडे हे मोजायचं साधन नव्हतं, आणि तसं सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. प्राध्यापक मंडळींत हा गुण वाटतो त्याहून दुर्मीळ असतो.

लुईंनी युक्ती काढली. अशनींची धूळ पृथ्वीवर सतत, साधारण एकाच गतीने पडत असते आणि तिच्यात इरिडियम असतं. पृथ्वीचं स्वतःचं इरिडियम बहुतेक लोहाबरोबर गाभ्यात बुडालेलं, म्हणून वरच्या खडकांत ते नावापुरतंच. थरातलं इरिडियम मोजा, म्हणजे थर साचायला किती वर्षं लागली ते कळेल.

मोजायचं कोणी? इथे गोष्टीत फ्रँक असारो आणि हेलन मिशेल येतात. ही कथा बाप-लेकाची म्हणून सांगण्याच्या नादात या दोन अणुरसायनशास्त्रज्ञांची नावं हमखास गळतात. खरं तर त्यांच्याशिवाय ती पुढे सरकलीच नसती. त्यांचा हात बसला होता तो पुराणवस्तूंवर: खापरावर न्यूट्रॉनचा मारा करायचा आणि त्याची माती मूळची कुठली ते पुरातत्त्वज्ञांना सांगायचं. त्याच माऱ्याखाली आता गुब्बिओची माती गेली. निकाल यायला काही महिने लागले. आला तेव्हा मूळ हिशेबच मोडीत निघाला. इरिडियम आजूबाजूच्या खडकापेक्षा सुमारे ३० पट होतं. डेन्मार्कमधल्या याच काळाच्या थरात ते १६० पट भरलं, न्यूझीलंडमध्ये २० पट. संथ पडणाऱ्या धुळीचं हे काम नव्हे.

मग कशाचं? जवळच एखादा तारा फुटला असेल, असा एक तर्क होता. तसं असेल तर मातीत प्लुटोनियम-२४४ सापडायला हवं. असारो आणि मिशेल यांना ते सापडलंही! तर्क जुळला, सगळे खूश. तरी दोघांनी लगेच जाहीर न करता दुसरा नमुना घेऊन सगळं पहिल्यापासून केलं, तर प्लुटोनियमचा मागमूस नाही. आधीचं बाहेरून मिसळलेलं होतं. आपल्याच आनंदावर पाणी ओतणारी ही दुसरी चाचणी मला नोबेलइतकीच मोठी वाटते.

तारा बाद झाला आणि उरला लघुग्रह. सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला, धुळीने आकाश झाकलं, वनस्पतींचं अन्न बनवणं थांबलं, आणि अन्नसाखळी खालून वर कोसळत गेली. जून १९८०च्या ‘सायन्स’मधल्या या लेखावर चौघांचीही नावं आहेत.

इथे थांबलं तर कथा फारच गोड होईल. जीवाश्मशास्त्रज्ञांनी शंका काढल्या आणि लुई चिडले. १९८८ साली त्यांनी वृत्तपत्रातून या मंडळींची गणना चक्क तिकिटं जमवणाऱ्यांत केली. मुलाच्या दगडासाठी ज्यांनी स्वतःच्या शास्त्राची वेस ओलांडली, त्यांनीच शेजारच्या शास्त्राच्या दाराला कडी घातली.

लघुग्रहाच्या आघाताने पडलेल्या विवराचीही तीच तऱ्हा. मेक्सिकोच्या तेल कंपनीसाठी युकातानच्या किनाऱ्यावर चुंबकीय सर्वेक्षण करताना ग्लेन पेनफिल्ड यांना जमिनीखाली एक अजस्र वर्तुळ दिसलं होतं. १९८१ साली त्यांनी आणि आंतोनियो कामार्गो यांनी ते भूभौतिकशास्त्रज्ञांच्या एका परिषदेत मांडलं. त्याच सुमारास आघाताचे तज्ज्ञ युटा राज्यात दुसऱ्या परिषदेत बसले होते. विचारणारे एका सभागृहात, सांगणारे दुसऱ्या. युकातानचं हे चिक्शुलूब विवर १९९१ साली शास्त्रीय लेखातून जगापुढे आलं. लुई १९८८ सालीच गेले होते.

आणि आपला सह्याद्री? डायनोसॉर मारले ते दख्खनच्या लाव्ह्याने, असं म्हणणारा गट पहिल्यापासून होता आणि लघुग्रहवाल्यांशी त्याचा वाद कडाक्याचा. २०१५ साली ज्वालामुखीतज्ज्ञांसह अनेकांनी मिळून एक लेख लिहिला: उद्रेक आधीच चालू होते, आघाताच्या हादऱ्याने ते आणखी भडकले असावेत आणि आपले सर्वांत जाड थर त्यातून आले असावेत. लेखकांच्या यादीत दुसरंच नाव होतं वॉल्टर अल्वारेझ.

त्यानंतर प्रिन्स्टनच्या गटाने पश्चिम घाटात कातळाच्या थरांमधले झिरकॉनचे बारीक कण वेचून त्यांचं वय काढलं, तर बर्कलीच्या गटाने लाव्ह्यातल्या स्फटिकांमधला आर्गॉन मोजला. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोघांचे लेख आले. लाव्ह्याचा मोठा लोंढा आघाताच्या आधी आला की नंतर, यावर त्यांचं जुळलं नाही.