आप्ताचे लक्षण

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून जी एक लहानशी सूचना उमटते, नवा अपडेट आला आहे, तो बसवावा काय, अशी पृच्छा करते, आणि जिला आपण बहुधा न वाचताच होकार देतो, त्या होकारात विश्वासाचा केवढा मोठा प्रश्न गुंतलेला आहे, हे २०१२ सालच्या उन्हाळ्यात ‘फ्लेम’ नावाच्या हेरसॉफ्टवेअरचा शोध लागला तेव्हा जगाच्या ध्यानी आले. मॉस्कोच्या कॅस्परस्की कंपनीने, बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातील क्रायसिस प्रयोगशाळेने आणि इराणच्या सरकारी संगणक-सुरक्षा पथकाने मे महिन्याच्या अखेरीस जवळजवळ एकाच वेळी त्याची वार्ता दिली. सर्व जोडभाग धरून सुमारे २० मेगाबाइट भरणारा हा हेर मायक्रोफोन उघडून खोलीतले संभाषण टिपून घेई, पडद्याची चित्रे काढी, ब्लूटूथवरून आसपासचे फोन हुडकी आणि मिळेल तो दस्तऐवज धन्याकडे रवाना करी. त्याचे भक्ष्य मुख्यतः इराणात आणि पश्चिम आशियातील इतर देशांत होते.

परंतु हेराने चोरी करावी यात नवल ते काय? नवल होते ते त्याच्या पसरण्याच्या रीतीत. कार्यालयातील एक संगणक बाधित झाला, की तो त्याच जाळ्यातील इतर संगणकांना सांगे, ‘बाहेर जाण्याची वाट माझ्याकडून आहे’. मग शेजारच्या संगणकाने मायक्रोसॉफ्टकडे अपडेटची मागणी केली, की ती वाटेतच अडवून हा त्याच्या हाती बनावट अपडेट ठेवी. आणि त्या बनावट मालावरची स्वाक्षरी तपासून पाहावी, तर ती मायक्रोसॉफ्टच्याच अधिकारपरंपरेतून उतरलेली, सर्व कसोट्यांना उतरणारी अशी दिसे.

ही स्वाक्षरी म्हणजे काय हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. शिवकालीन पत्रे ज्यांनी दप्तरांत पाहिली असतील त्यांना आठवेल, की पत्राच्या शिरोभागी मुद्रा असे आणि मजकूर संपताच मोर्तब होई. मुद्रेने हुकूम कोणाचा हे कळे, आणि मोर्तबाने त्याखाली मागाहून कोणी ओळ घुसडली नाही याची ग्वाही मिळे. संगणकी स्वाक्षरी हीच दोन कामे गणिताने करते: मजकुराचा एक संक्षिप्त ठसा काढायचा आणि त्या ठशावर धन्याच्या गुप्त किल्लीने शिक्कामोर्तब करायचे. ठसा काढण्याच्या ज्या रीतीला एमडी५ म्हणतात, तिच्यात दोन भिन्न मजकुरांचा ठसा एकच निघू शकतो, हे चिनी गणिती वांग श्याओयुन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली दाखवून दिले; या दोषाचा आधार घेऊन खोटे अधिकारपत्र तयार करता येते, हे २००८ च्या डिसेंबरात बर्लिन येथे काही संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखवले. तरीही मायक्रोसॉफ्टच्या परवाने देण्याच्या एका दुय्यम व्यवस्थेत ती सदोष रीत चालूच राहिली, आणि तेथून मिळालेल्या साध्या परवानापत्राशी ठसा जुळेल असे दुसरे पत्र रचून फ्लेमच्या कर्त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नावाने सही करण्याचा अखत्यार हस्तगत केला. ॲम्स्टरडॅमचे संशोधक मार्क स्टीव्हन्स यांनी तो बनाव तपासला, तेव्हा त्यातली युक्ती तोवर प्रसिद्ध झालेल्या युक्तीहून निराळी आढळली. या कारस्थानामागे अव्वल दर्जाची विद्वत्ता होती, आणि ती विद्वत्ता कोणत्या कामी लागली हे पाहून मन विषण्ण होते.

लोकांत यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या, आणि मला त्या दोन्ही चुकीच्या वाटतात. काहींनी म्हटले, की अपडेटच जर हेर असेल तर अपडेट घेणेच बंद करावे. या मार्गाने जाणाऱ्याची काय गत होते ते मे २०१७ मध्ये दिसले: ‘वॉनाक्राय’ने जगभर जे संगणक ओलीस धरले, त्यांना वाचवू शकणारा अपडेट मार्च महिन्यातच निघालेला होता, पण तो ज्यांनी बसवला नव्हता त्यांत ब्रिटनमधील सरकारी रुग्णालये होती आणि तेथील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ही राज्याराज्यांतली मसलत आहे, सामान्य माणसाला तिची झळ नाही. फ्लेम हे अमेरिका व इस्रायल यांनी मिळून इराणच्या अणुकार्यक्रमाविरुद्ध रचले, असे वृत्त ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जून २०१२ मध्ये दिले होते, आणि अण्वस्त्रे रोखण्यासाठी थोडी लबाडी केली तर बिघडले कोठे, असे विचारणारे पुष्कळ होते.

विश्वास कशावर ठेवावा हा मूळ प्रश्न आपल्या दर्शनांनी फार पूर्वी, वेगळ्या निमित्ताने, पण अत्यंत कसोशीने चर्चिलेला आहे. ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. त्याच्या कारणात दोष आढळेपर्यंत किंवा विरुद्ध ज्ञान उत्पन्न होईपर्यंत ते खरे धरून चालावे. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून सिद्ध झाले पाहिजे, आणि त्याची खूण म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेल्या कृतीला फळ येणे. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते पाणीच. हेरसॉफ्टवेअरपुढे नैयायिकांची ही कसोटी लंगडी पडते, कारण बनावट अपडेट बसवल्यावर संगणक पूर्ववत चालतो, पत्रे लिहिली जातात, हिशेब जुळतात. काही बिघडल्याचे न दिसणे हेच तर हेराचे यश. दुसरीकडे, प्रत्येक शिक्क्याला दुसरा शिक्का आणि त्याला तिसरा असे मागत गेल्यास अनवस्था ओढवते. म्हणून मीमांसक कुमारिलभट्टांनी सांगून ठेवले, की तीन-चार पडताळण्यांपलीकडे शंका ताणू नये. पण या सवलतीचे मोल आहे. लाखो लोकांनी शंका न घेता चालावे अशी व्यवस्था ज्याने उभारली, त्याने कारणदोष शोधत राहण्याचे ओझे स्वतःच्या शिरावर घेतलेले असते, आणि २००८ मध्ये उघड दाखवलेला दोष २०१२ पर्यंत आपल्या घरात राहू देणे ही त्या जबाबदारीतली कसूर होती. मायक्रोसॉफ्टने ३ जून २०१२ रोजी त्या परवाना-व्यवस्थेची तीन अधिकारपत्रे रद्द केली. हा उपायही लोकांपर्यंत पोहोचला तो अपडेटच्याच वाटेने; विश्वासाला दुसरी वाट उपलब्धच नव्हती.

तरीही निर्दोष शिक्का म्हणजे विश्वासार्हता, असे मी मानत नाही. शब्द कोणाचा प्रमाण मानावा, याचा विचार करताना न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्ताची, म्हणजे विश्वसनीय वक्त्याची, तीन लक्षणे सांगितली आहेत: विषयाचे साक्षात् ज्ञान, भूतदया, आणि जे जसे आहे ते तसेच सांगण्याची इच्छा. मधले लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फ्लेमच्या कर्त्यांपाशी पहिले लक्षण विपुल होते, उरलेली दोन्ही नव्हती. आणि जगातला कोणताही गणिती शिक्का ‘हा कोण’ एवढेच सांगू शकतो, ‘हा माझे हित इच्छितो काय’ हे सांगू शकत नाही.

न्यायशास्त्रात आप्ताचे उदाहरण म्हणून आयुर्वेद येतो, हे मला अर्थपूर्ण वाटते. वैद्याचे औषध आपण तपासून घेत नाही, घेऊ शकत नाही. अपडेटही तसाच: आपल्याला न कळणाऱ्या दोषावर आपल्याला न कळणारा उपाय. आणि वैद्याच्या वेषाचा हेरगिरीसाठी वापर केला तर काय होते, हे जगाने त्याच सुमारास पाहिले. ओसामा बिन लादेन पाकिस्तानातील अबोटाबादच्या वाड्यात आहे काय, हे ताडण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने २०११ साली तेथे कावीळ-प्रतिबंधक लसीची मोहीम मिषाने चालवली. ती उघडकीस आली. २०१२ च्या जूनमध्ये उत्तर वझिरिस्तानातील तालिबानी म्होरक्याने पोलिओच्या लसीवर बंदी घातली, हेरगिरीचा संशय हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते. डिसेंबरात कराचीत आणि पेशावरच्या बाजूला लस पाजत हिंडणाऱ्या बायकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या बायका खऱ्याच लस पाजणाऱ्या होत्या. कौटिल्याने तापसाच्या वेषातला हेर सांगितला आहे खरा, परंतु असा एक वेष उघडा पडल्यावर पुढच्या दारी उभ्या राहिलेल्या खऱ्या तपस्व्याला भिक्षा मिळेल काय, हा प्रश्न राजनीतीच्या चौकटीत मावत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे.

म्हणून ‘झळ कोणाला लागली?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे, की ती सर्वांनाच लागली, ज्यांच्या संगणकात फ्लेम कधी शिरले नाही त्यांनाही. शत्रूच्या कोठारात शिरणारा हेर शत्रूचे नुकसान करतो; उपचाराच्या नावाने शिरणारा हेर उपचारावरील श्रद्धा मारतो. २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर सुटले आणि थेट आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका धक्क्याचे काम त्याने थांबवले. त्या धक्क्यावर खोळंबलेल्या मालाचा आणि ट्रकचालकांचा युक्रेन-रशियाच्या भांडणाशी काय संबंध होता?

लसीच्या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी आपल्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून या कृत्याचा निषेध केला, आणि लसीकरणाचा उपयोग सीआयए यापुढे हेरगिरीसाठी करणार नाही, असे व्हाइट हाउसने मे २०१४ मध्ये लेखी कळवले. अपडेटच्या बाबतीतही असेच लेखी वचन प्रत्येक सरकारकडून, आपल्या सरकारकडूनही, मागितले पाहिजे, आणि ते मागण्यात संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी त्या अधिष्ठात्यांप्रमाणे पुढे झाले पाहिजे. वाचकांनी तोवर अपडेट बंद करू नयेत. ते घ्यावेत, वेळेवर घ्यावेत, आणि या मागणीवर आपलेही नाव घालावे.