तो मीच!

दिवाळीच्या सुट्टीत मनमाड स्टेशनवर अर्धा तास उभे राहावे. महाराष्ट्रातले निम्मे भाचे आपल्यासमोरूनच मामाच्या गावाला चालले आहेत असे वाटते. माझाही एक भाचा गेल्या दिवाळीत पुण्याहून आला. वय वर्षे तेरा. कपड्यांची पिशवी लहान, लॅपटॉपची मोठी. चहापाणी होते न होते तोच स्वारी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि पडद्यावर एक विलक्षण जनावर घडवू लागली. सिंहाचे धड, गरुडाचे पंख, कपाळावर शिंग आणि शेपटीच्या टोकाला ज्वाळा!

"हे काय रे?" मी विचारले.

"मा-मामा, हा माझा अ-अवतार," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून माझ्या आईचा आवाज आला, "अरे, तो अवतार मागून कर. आधी स्वतःचा अवतार आरशात बघ! दोन दिवस डोक्याला तेल नाही."

घरात हशा पिकला. तोही हसला. मग अडखळत अडखळत त्याने मला सारे समजावून दिले. इंटरनेटवर एक आभासी जग आहे. तिथे प्रवेश करताना प्रत्येकाने एक रूप घ्यायचे. कोणी ससा होतो, कोणी राक्षस, कोणी परी. आपण इकडे बोललो की तिकडे ते रूप बोलते. खरे नाव, खरा चेहरा कोणी विचारत नाही.

मी म्हटले, "बाळा, तुझे हे जनावर आपल्या ओळखीचे आहे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर ते कोरलेले असते. त्याला शरभ म्हणतात." नृसिंहाचा कोप हिरण्यकशिपूच्या वधानंतरही शमेना, तेव्हा शंकराने शरभाचे रूप घेऊन त्याला शांत केले, ही शैव पुराणांतली कथाही मी त्याला सांगितली. त्याचे डोळे चमकले. आपले जनावर एवढे खानदानी आहे याची त्याला कल्पना नव्हती.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात तोच शब्द घोळत राहिला. अवतार म्हणजे खाली उतरणे. वैकुंठ सोडून देव खाली येतो. मासा होतो, कासव होतो, रानडुक्करही होतो. ज्याला काहीही होता आले असते, त्याने कोणाच्या तरी संकटासाठी लहान व्हावे, अशी या शब्दामागची कल्पना आहे. उलट आमचा भाचा शरभ होऊन वर चढू पाहत होता. तेरा वर्षांच्या किडकिडीत पोराला पंख हवे होते.

आपला हा शब्द संगणकाच्या खेळात गेला त्याचीही एक कथा आहे. रिचर्ड गॅरियट या अमेरिकेतल्या खेळकर्त्याने १९८५ साली 'अल्टिमा' या आपल्या मालिकेतला चौथा खेळ काढला आणि त्यात 'अवतार' हा शब्द मुद्दाम वापरला. त्या खेळात शेवटी मारायला कोणी दुष्ट राजा नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, नम्रता असे आठ गुण खेळणाऱ्याने अंगी बाणवायचे. त्यात औषधी मुळ्या विकणारी एक आंधळी बाई आहे. तिच्यासमोर किती नाणी ठेवायची हे खेळणाऱ्यानेच सांगायचे. कमी ठेवली तर ती बिचारी काही बोलत नाही. पण प्रामाणिकपणाच्या खात्यात गुपचूप तूट पडते. खेळातल्या बाहुल्याने जे केले ते खेळणाऱ्यानेच केले असे मानले जावे, हा गॅरियटचा हेतू होता. म्हणजे पडद्यावर जाताना या शब्दाने जबाबदारीची शिदोरी बरोबर नेली होती. वाटेत ती कुठे सांडली कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो आणि कानांवर माझा विश्वास बसेना. भाचा त्या जगात शिरला होता आणि घडाघडा बोलत होता. एक शब्द अडत नव्हता. जो मुलगा वर्गात हजेरीला 'हजर' म्हणताना घामाघूम होतो, जो दुकानात गेला की हवी ती वस्तू बोटाने दाखवतो, तो शरभाच्या तोंडाने पाचपंचवीस मुलांना हुकूम सोडत होता, विनोद करत होता. वाचकहो, माझ्या डोळ्यांत पाणी आले.

याचे मला फार नवलही वाटले नाही. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाण्या-पेठेकडे आणि त्यापलीकडे जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. रात्री संबळ आणि पिपाणी वाजू लागते आणि देवांची, दैत्यांची, प्राण्यांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. दिवसभर शेतात राबणारा मितभाषी माणूस मुखवटा चढवला की निराळाच होतो. मुखवटा माणसाला नुसता झाकत नाही, थोडाफार घडवतोही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या दोघांनी २००७ साली असेच काहीसे दाखवून दिले. आभासी जगात ज्यांना उंच देह दिला, ते पैशांच्या वाटणीत स्वतःकडे जास्त ओढू लागले. ज्यांना देखणा चेहरा दिला, ते इतरांच्या अधिक जवळ जाऊन मोकळेपणाने बोलू लागले. रूप उसने असले तरी माणूस त्याप्रमाणे वागू लागतो.

वसुबारसेच्या संध्याकाळी मात्र निराळेच घडले. लॅपटॉपमधून एका लहान मुलाचे रडणे ऐकू आले. मी उठून पाहिले. पडद्यावर एक पांढरा ससा होता आणि त्याच्यासमोर एका घराचा ढिगारा. तो ससा म्हणजे भाच्याच्या पुण्यातल्या मित्राचा धाकटा भाऊ, वय वर्षे आठ. तीन दिवस खपून त्याने ते घर बांधले होते. आमच्या शरभाने पंखांच्या फटकाऱ्याने ते पाडले होते आणि भोवतीची मुले खदाखदा हसत होती. "दादा, पुन्हा नको ना पाडूस," असे तो ससा म्हणत होता.

मला नृसिंह आठवला. तेही अर्धे जनावर, तेही भयंकर. पण ते रूप एका लहान मुलासाठी आले होते. इथले रूप एका लहान मुलावर आले होते.

मी लॅपटॉप मिटायला लावला. "हे काय केलेस?"

भाचा आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तो मी न-नव्हतो. तो अ-अवतार होता. खेळात असंच अ-असतं."

तो मी नव्हतो! आमच्या पिढीच्या कानाला हे वाक्य नवे नाही. १९६२ साली आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नाना वेश घेऊन माणसे फसवतो आणि न्यायालयात उभा राहून तेच एक वाक्य सांगत राहतो. प्रभाकर पणशीकरांनी त्याची पाच रूपे अशी काही उभी केली की प्रेक्षक त्याला शिव्या देत देत टाळ्या वाजवत. त्या पाच रूपांमुळे कोणाचे बिघडले नसते. बिघडले ते त्या एका वाक्यामुळे.

पण माझ्या भाच्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. नाटकात रावण झालेल्या नटाला सीतेच्या हरणाबद्दल आपण तुरुंगात टाकतो का? मग शरभालाच का दोष द्यावा? मी बराच वेळ या प्रश्नाशी अडलो. तत्त्वज्ञान मी रीतसर शिकलेलो नाही. मास्तरकी करताना जे सुचते तेच माझे तत्त्वज्ञान. मला असे वाटते की नाटकात रावण आणि सीता दोघेही एकाच संहितेत राजीखुशीने उतरलेले असतात. पडदा पडला की दोघे मिळून चहा पितात. रावणाचा घाव सीतेच्या सोंगाला लागतो, तिच्यामागच्या माणसाला लागत नाही. इथे ससा खोटा होता, घरही खोटे होते. पण घर बांधण्यात गेलेले तीन दिवस खरे होते आणि रडणे खरे होते. सोंगामागून मारलेला दगड खऱ्या कपाळाला लागला, तर तो मारणाराही खराच धरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली आणि तीच मी भाच्याला विचारली. "काल दुपारी एवढे छान, न अडखळता बोलत होतास. तो कोण होता?"

"मी!" तो चटकन म्हणाला. त्या शब्दाला तो अडखळला नाही.

"आणि आज घर पाडले तो?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. गोष्ट साधी होती. घर पाडणारा जर अवतार असेल, तर बोलणाराही अवतारच. मग भाच्याच्या वाट्याला धीटपणाही येत नाही. शाळा उघडली की तो पुन्हा तोच मुका मुलगा. आणि बोलणारा जर तो स्वतः असेल, तर पाडणाराही तोच. अवताराच्या खात्यातले जमेचे तेवढे आपले आणि नावेचे मात्र त्याचे, असे चालणार नाही. घ्यायचे तर सगळे खाते घ्यावे लागते.

मग मी त्याला माझ्या लहानपणीच्या बहुरूप्याची गोष्ट सांगितली. तो आमच्या आळीत दरसाल यायचा. एक दिवस डाकवाला, एक दिवस डॉक्टर, एक दिवस हातात खोटे वॉरंट घेतलेला इन्स्पेक्टर. आम्ही पोरे त्याच्यामागून हुंदडत असू. एका वर्षी इन्स्पेक्टरच्या सोंगात त्याने शेजारच्या एका म्हातारीला असे दरडावले की ती थरथर कापू लागली. तिचा मुलगा खरोखरच कुठल्याशा भानगडीत होता, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? शेवटच्या दिवशी रिवाजाप्रमाणे तो आपल्या साध्या कपड्यांत घरोघर बिदागी मागत आला. म्हातारीच्या दारात त्याने फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "आई, तो मीच होतो. चुकलं माझं." त्या घरची बिदागी त्याने घेतली नाही.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. पोटासाठी दहा सोंगे आणणाऱ्या त्या माणसाने अकराव्या दिवशी आपले तोंड लपवले नाही, हे मला आज फार मोठे वाटते.

भाच्याने ऐकून घेतले. जेवताना तो गप्पच होता. हात धुऊन झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. मी मुद्दाम अंगणात गेलो, पण खिडकी उघडी होती. शरभ सशासमोर जाऊन उभा राहिला. भोवती कालचीच हसणारी मुले. भाच्याने आधी स्वतःचे खरे नाव सांगितले. नावाच्या पहिल्याच अक्षराला तो अडला. मग म्हणाला, "ते घर मी पा-पा-पाडलं. शरभानं नाही. म-मी." त्या पंखवाल्या शरभाची जीभ त्या जगात प्रथमच अडखळली. कोणीतरी फिस्सकन हसले. तो थांबला नाही. वाक्य पुरे करायला त्याला खूप वेळ लागला, आणि मला तो वेळ माझ्या आयुष्यातल्या मोठ्या वेळांपैकी एक वाटला.

सशाने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली मुले अंगणात मातीचा किल्ला करायला जमली. भाचा त्यांच्यात मिसळला. कोणाशी फारसा बोलत नव्हता. पण दरवाजा झाल्यावर त्याने चिखलाचा एक गोळा घेतला आणि त्याचा शरभ करून कमानीवर बसवला. पंख नीट जमले नाहीत, एक तर सुकल्यावर गळूनही पडला. शेजारचे एक चिमुरडे किल्ल्यावर पाय देणार, तोच तो ओरडला, "अ-अरे, सांभाळून!" आणि त्याला उचलून पलीकडे ठेवले.

आई ओसरीवरून म्हणाली, "काय हा अवतार! कोपरापर्यंत चिखल."

त्याने आपल्या हातांकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "हो आजी, म-माझाच आहे."